शंभरात वीस ते सव्वा कोटीत एक

फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या वर्षांत पॅरिसजवळच्या बिसेत्र तुरुंगातून एक टपाली धंदा चालत असे. भांडवल म्हणजे कागद, शाई आणि पत्त्यांची यादी. यादीत प्रांतोप्रांतीचे पैसेवाले असत, त्यातही जुनी राजवट गेल्याची हळहळ वाटणारे. मजकूर साधारण ठरलेला. मी एका उमरावाचा नोकर; क्रांतीच्या पळापळीत धन्याची सोन्या-हिऱ्यांची पेटी तुमच्या गावाजवळ लपवली; आता मी गजाआड आहे; जागा मला एकट्याला ठाऊक आहे; थोडी पैशांची सोय केलीत तर तुमचाही वाटा. आधी स्वतः कैदी असलेला आणि पुढे पॅरिसच्या गुन्हे शोध पथकाचा प्रमुख झालेला यूजीन फ्रान्स्वा विदोक याने या पत्रांची हकीकत लिहून ठेवली आहे. त्याच्या सांगण्यानुसार शंभर पत्रं गेली की वीस जणांची उत्तरं यायची. पॅरिसमधला एक कापडव्यापारी तर हिऱ्यांच्या आशेने पाँ नफ पुलाच्या कमानीपाशी खोदकाम करताना सापडला होता.

शंभरात वीस! आजच्या कुठल्याही जाहिरातदाराला हेवा वाटावा असं हे प्रमाण. ते साधत होतं, कारण प्रत्येक पत्र हाताने लिहावं लागे आणि प्रत्येक पत्ता पारखून घ्यावा लागे. एक गोष्ट मात्र कैद्यांच्या पथ्यावर पडली होती. त्या काळी फ्रान्समध्ये टपालखर्च बहुधा पत्र घेणाराच भरत असे. म्हणजे फसवणुकीचं पत्र दारात आल्यावर त्याचे पैसेही सावजानेच मोजायचे. पुढच्या दोनशे वर्षांत या धंद्याचं रूप अनेकदा बदललं. प्रत्येक वेळी ते ठरवलं एकाच हिशोबाने: पत्राचा खर्च कोण सोसतो, आणि पैसे हातात पडण्याच्या वाटेवर कोण उभं आहे.

एकोणिसाव्या शतकात टपाल तिकीट आलं आणि खर्च पाठवणाऱ्याच्या माथी आला. धंदा थांबला नाही. ‘स्पेनमधल्या कैद्या’ची पत्रं इंग्लंड-अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांना येऊ लागली, अमेरिकी वर्तमानपत्रं १८९८ मध्ये या जुन्या लबाडीपासून सावध राहा म्हणून बजावत होती. १९८०च्या दशकात तेलाचे भाव कोसळले आणि नायजेरियाची अर्थव्यवस्था घसरली. तिथल्या शिकलेल्या बेकारांपैकी काहींनी हाच मजकूर नव्याने लिहिला. तुरुंगातल्या नोकराच्या जागी तेल महामंडळाचा अधिकारी आला, पुढे हुकूमशहाची विधवा आली. त्या देशाच्या दंडसंहितेतलं फसवणुकीचं कलम ४१९, म्हणून हा प्रकार जगभर त्याच आकड्याने ओळखला गेला. पत्रं आणि फॅक्स लाखांनी जाऊ लागले तसा टपालखर्च टोचू लागला. त्यावर तोड निघाली: बनावट तिकिटं. नव्वदच्या दशकात अमेरिकी टपाल खात्याला नायजेरियातून आलेली अशी पत्रं पोत्यांनी जप्त करावी लागली.

त्या काळातली सर्वांत मोठी शिकार ब्राझीलमध्ये झाली. बँको नोरोएस्ते या बँकेच्या आंतरराष्ट्रीय विभागाच्या प्रमुखाला नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर असल्याचं भासवून एका टोळीने गाठलं. अबुजात नवा विमानतळ होतोय, त्यात गुंतवणूक करा, दलालीपोटी एक कोटी डॉलर घ्या, असा प्रस्ताव. १९९५ ते १९९८ या काळात बँकेचे २४ कोटी २० लाख डॉलर या नसलेल्या विमानतळात गेले. एक स्पॅनिश बँक ही बँक विकत घ्यायला आली, हिशोब तपासू लागली आणि केमन बेटांवर एवढी रक्कम कशी पडून आहे असा प्रश्न निघाला, तेव्हा भांडं फुटलं. टोळीचा म्होरक्या इमॅन्युएल न्वुडे याने २००५ मध्ये गुन्हा कबूल केला.

तोवर तिकिटाची अडचणच उरली नव्हती. ई-मेल आला होता.

फुकटच्या पत्राचा पहिला मोठा प्रयोग एका सरळमार्गी विक्रेत्याने केला होता. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क याने अर्पानेट या सरकारी संगणक-जाळ्यावरच्या सुमारे चारशे जणांना आपल्या नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचं निमंत्रण धाडलं. छापील निर्देशिकेतले पत्ते एकेक करून टंकले होते. तक्रारींचा पाऊस पडला, वरून समज मिळाली. पण त्या एका पत्रातून एक कोटी डॉलरपेक्षा जास्त किमतीचे संगणक खपले, असा दावा थर्क पुढे करत राहिला. एप्रिल १९९४ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातले लॉरेन्स कँटर आणि मार्था सीगल हे वकील दांपत्य याच्या पुढे गेलं. ग्रीन कार्डाच्या सोडतीत नाव नोंदवून देतो, ही जाहिरात त्यांनी इंटरनेटवरच्या पाच हजारांहून अधिक चर्चामंचांवर एकाच वेळी टाकली. चिडलेल्या लोकांनी उलट इतकी पत्रं पाठवली की त्यांना इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीची यंत्रणा पुन:पुन्हा कोलमडली. दांपत्याने लाखभर डॉलर कमावल्याचं सांगितलं आणि झटपट श्रीमंत कसं व्हावं यावर पुस्तकही काढलं. नुकसान इंटरनेट पुरवणाऱ्याचं, मनस्ताप वाचणाऱ्यांचा, नफा वकिलांचा. बिसेत्रचा जुना नियम परत आला होता: पत्राचा भार घेणाऱ्यावर.

पुढची दहा वर्षं या नियमाशी लढण्यात गेली. पत्रातल्या शब्दांची शक्यता मोजून स्पॅम, म्हणजे न मागता येणारी घाऊक पत्रं, ओळखणाऱ्या गाळण्या आल्या. डिसेंबर २००३ मध्ये अमेरिकेने कायदा केला. पण त्यात न विचारता जाहिरात पाठवायला बंदी नव्हती, ‘नको’ म्हणण्याची सोय दिली की पुरे होतं. जानेवारी २००४ मध्ये दावोसला बिल गेट्स यांनी दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटेल असं सांगून टाकलं. झालं उलटंच. गाळण्या सुधारल्या तसे स्पॅमवालेही सुधारले. स्वतःच्या यंत्रावरून पत्रं पाठवली की यंत्र काळ्या यादीत जातं, मग दुसऱ्यांचीच यंत्रं वापरू. जानेवारी २००७ मध्ये युरोपातल्या वादळाची बातमी असल्याचं भासवणारा एक ई-मेल फिरू लागला. सोबतची फाइल उघडली की संगणक परक्याच्या ताब्यात जाई. अशा वेठीला धरलेल्या घरगुती संगणकांच्या फौजेला ‘स्टॉर्म’ हे नाव पडलं. वीज घरमालकाची, इंटरनेट घरमालकाचं, पत्रं मात्र दुसऱ्याची. २०१०च्या आसपास जगातल्या दर दहा ई-मेलपैकी जवळपास नऊ स्पॅम असल्याचं सुरक्षा कंपन्या मोजत होत्या.

एवढी पत्रं पाठवून यांना मिळतं तरी काय? याबद्दल तोवर नुसते तर्क चालत. २००८ च्या वसंतात सॅन डिएगो आणि बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याचा छडा लावायचं ठरवलं. स्टॉर्मच्या फौजेत हुकूम वरून खाली पोचवणारी जी मधली यंत्रं होती, त्यांत त्यांनी आपली काही घुसवली. नवं स्पॅम त्यांनी सोडलं नाही. जे जाणारच होतं, त्याच्या काही भागातला दुवा तेवढा बदलून आपल्या नकली औषध-दुकानाकडे वळवला. या दुकानात गिऱ्हाईक औषध निवडी, टोपलीत टाकी आणि पैसे देण्याच्या पायरीवर त्याला तांत्रिक चुकीचा निरोप दिसे. कुणाचा पैसा घेतला नाही, कुणाचा कार्ड क्रमांक नोंदवला नाही.

२६ दिवसांत औषधांच्या जाहिरातीची सुमारे ३४ कोटी ७६ लाख पत्रं रवाना झाली. त्यातली पाऊण हिस्सा पत्रं वाटेतच अडवली गेली किंवा पत्ता खोटा निघाला. टपाल यंत्रणांनी स्वीकारली ती सव्वाआठ कोटी. दुकानाच्या पायरीपर्यंत आले १०,५२२ जण. विकत घ्यायला तयार झाले २८. हिशोब केला तर सव्वा कोटी पत्रांमागे एक गिऱ्हाईक, आणि एकूण विक्री २,७३१ डॉलर ८८ सेंट. २८ पैकी २७ जणांना पौरुष वाढवणाऱ्या गोळ्या हव्या होत्या.

हा आकडा हसण्यावारी नेण्यासारखा वाटतो, पण संशोधकांनी पुढचं गणित मांडलं. त्यांच्या हाती स्टॉर्मचा अगदी छोटा तुकडा होता. तोच हिशोब सगळ्या फौजेला लावला तर मोहीम चालू असलेल्या दिवशी सुमारे साडेनऊ हजार डॉलरची विक्री दिसत होती. ती अखंड चालली तर वर्षाकाठी पस्तीस लाख डॉलरच्या घरात. आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. स्पॅम पाठवून देण्याचा तेव्हाचा बाजारभाव दहा लाख पत्रांना सुमारे ८० डॉलर सांगितला जाई. त्या भावाने हीच पत्रं भाड्याने पाठवली असती तर पंचवीस हजार डॉलरहून जास्त लागले असते, म्हणजे विक्रीच्या जवळपास दहापट. तेव्हा पाठवणारा आणि औषधांच्या धंद्यात वाटा असलेला बहुधा एकच असणार. शंभरात वीस उत्तरांवर चालणारा धंदा सव्वा कोटीत एका गिऱ्हाइकावरही चालत होता, कारण पत्राची किंमत त्याहून वेगाने शून्याकडे घसरली होती.

या दुकानदारीची घडण पुढे उघड झाली, तीही धंदेवाल्यांच्या आपसांतल्या वैरातून. ‘ग्लावमेड’ आणि ‘स्पॅमइट’ ही औषधविक्रीची जाळी चालवणारा इगोर गुसेव आणि ‘आरएक्स-प्रमोशन’मागे असल्याचा आरोप झालेला पावेल व्रुब्लेव्स्की हे मॉस्कोतले जुने भागीदार एकमेकांच्या जिवावर उठले. दोन्हीकडची हिशोबाची दप्तरं बाहेर फुटली आणि संशोधकांच्या हाती लागली. काही वर्षांतली मिळून विक्री १७ कोटी डॉलरच्या वर होती. मूळ दुकानदार संकेतस्थळ, औषधं आणि पैसे वसुलीची सोय पुरवायचा. गिऱ्हाईक आणून देणाऱ्या स्पॅमवाल्याला विक्रीच्या तीस ते चाळीस टक्के दलाली. औषधांची खरेदी, पाठवणी, बँकेचं कमिशन वजा जाता मालकाच्या हाती दहा ते वीस टक्के उरत. आपल्याकडच्या कुठल्याही अडत बाजारात खपून जावी अशीच ही रचना.

या गोळ्या बहुतांश भारतात तयार होऊन भारतातूनच टपालाने जात. गिऱ्हाइकं मुख्यतः अमेरिकी. डॉक्टरकडे जायची लाज किंवा औषधांच्या तिथल्या किमती, या दोन कारणांनी ती येत, आणि स्पॅमइट-ग्लावमेडच्या कमाईचा चौथ्या हिश्शाहून मोठा भाग परत आलेल्या गिऱ्हाइकांकडून मिळे. माल वेळेत पोचवायचा, तक्रार आली तर पैसे परत करायचे, दूरध्वनीवर गोड बोलायचं, हे सगळं ही दुकानं मनोभावे करत. त्यामागे सचोटी नव्हती, भीती होती. नाराज गिऱ्हाइकाने आपल्या बँकेकडे तक्रार करून पैसे उलटवून घेतले की दुकानाच्या खात्यावर डाग पडे. असे डाग वाढले की कार्ड कंपनी दंड लावी आणि खातं बंद करी. साऱ्या यंत्रणेत या लोकांना खरा धाक होता तो या एका जागेचा.

हे ओळखायला बाकीच्यांना वेळ लागला. नोव्हेंबर २००८ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’चा पत्रकार ब्रायन क्रेब्स याने मॅककोलो या कॅलिफोर्नियातल्या सर्व्हर कंपनीचे धागे उलगडले. अनेक फौजांची सूत्रं तिथून हलत होती. तिला इंटरनेट देणाऱ्यांनी जोडणी तोडली आणि जगातलं स्पॅम एका रात्रीत निम्म्याहून खाली आलं. काही महिन्यांत ते पूर्वपदावर गेलं. मार्च २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने न्यायालयाच्या आदेशाने ‘रस्टॉक’ ही दहा लाख संगणकांची फौज मोडली. सर्व्हर गेला तर दुसरा मिळतो, संकेतस्थळाचं नाव गेलं तर काही डॉलरमध्ये नवं येतं. मग या साखळीत सहज न मिळणारं काय?

सॅन डिएगोच्या त्याच गटाने २०११ मध्ये या प्रश्नाचं उत्तर दिलं. तीन महिन्यांतल्या स्पॅममधले जवळपास शंभर कोटी दुवे त्यांनी गोळा केले, ते कुठल्या दुकानाकडे जातात ते पाहिलं आणि मग स्वतः शंभराहून जास्त वेळा खरेदी केली. पैसे कुठल्या बँकेत पडतात ते त्यांना हवं होतं. औषधं, नकली घड्याळं आणि चोरीची सॉफ्टवेअर विकणाऱ्या स्पॅमपैकी ९५ टक्क्यांची वसुली फक्त तीन बँकांतून होत होती. त्यातली एक अझरबैजानमधली, एक कॅरिबियन बेटांवरची. कोट्यवधी पत्रं, लाखो गुलाम संगणक, हजारो संकेतस्थळं, आणि शेवटी सगळे पैसे तीन गल्ल्यांतून जात होते.

असं का? कार्डाने पैसे घ्यायचे तर बँकेत व्यापाऱ्याचं खातं लागतं. त्याला कागदपत्रं, अनामत आणि दिवसचे दिवस लागतात, आणि असल्या धंद्याला खातं द्यायला तयार होणाऱ्या बँका मुळात थोड्या. मग नकली मालाने पोळलेल्या सॉफ्टवेअर आणि औषध कंपन्यांनी चाचणी-खरेदी करून कार्ड कंपन्यांकडे रीतसर तक्रारी करायला सुरुवात केली. दुकानांची खाती एकामागून एक बंद पडू लागली. याच गटाने २०१२ मध्ये या मोहिमेचा परिणाम तपासला, तेव्हा कितीतरी दुकानं वसुलीअभावी गाळात गेलेली दिसली. रशियन दलालांच्या आपसांतल्या बोलण्यात व्हिसा कंपनी आपल्याला नेपाम टाकून जाळतेय, अशी रड उमटली. दहा वर्षांत कायद्याला जे जमलं नव्हतं, ते मोजक्या खरेद्या आणि तक्रारींच्या अर्जांनी केलं.

समाजाला या धंद्याची किंमत किती पडली, याचा अंदाज २०१२ मध्ये जस्टिन राव आणि डेव्हिड रायली या अर्थशास्त्रज्ञांनी मांडला. स्पॅमवाल्यांची जगभरातली वार्षिक कमाई साधारण २० कोटी डॉलर. गाळण्या, सर्व्हर आणि वाया गेलेला वेळ धरून अमेरिकेतल्या कंपन्या आणि ग्राहकांचं नुकसान वर्षाला सुमारे दोन हजार कोटी डॉलर. चोराने एक डॉलर कमवावा म्हणून बाकीच्यांनी शंभर गमवायचे.

त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचा संशोधक कॉर्मॅक हर्ली याने नायजेरियन पत्रांबद्दल एक साधा प्रश्न विचारला. सगळ्या जगाला ही लबाडी पाठ झाली आहे, तरी हे लोक आपण नायजेरियाचेच आहोत असं उघड का लिहितात? त्याचं उत्तर असं: पहिलं पत्र फुकट असतं, पण उत्तर आल्यावरचा पत्रव्यवहार, फोन, बनावट कागद यांत माणसाचा वेळ जातो. अर्ध्या वाटेवर शंका घेऊन माघारी फिरणारा माणूस त्यांना महाग पडतो. म्हणून मजकूर मुद्दामच असा बावळट ठेवायचा की शहाणे पहिल्या ओळीतच हसून पत्र पुसून टाकतील आणि मागे उरेल तो शेवटपर्यंत येणारा. आपण ज्याला अडाणीपणा समजतो ती त्यांची चाळणी असते.

कार्डाची वाट अडल्यावर हुशार टोळ्या पुन्हा बिसेत्रच्या पद्धतीकडे वळल्या: पत्रं थोडी, पत्ते पारखलेले. २०१३ ते २०१५ दरम्यान लिथुआनियातल्या एका माणसाने तैवानच्या क्वांटा कॉम्प्युटर या बड्या पुरवठादाराच्या नावाची कंपनी लाटव्हियात नोंदवली आणि खोटी बिलं पाठवून फेसबुककडून ९ कोटी ९० लाख आणि गुगलकडून २ कोटी ३० लाख डॉलर काढले. २०१९ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. जगाच्या टपालपेट्यांमधलं स्पॅम गाळणाऱ्या कंपनीलाच एका नेटक्या बिलाने फसवलं होतं. साहेबाच्या किंवा पुरवठादाराच्या नावाने येणाऱ्या अशा ई-मेलपायी २०२३ मध्ये अमेरिकेत सुमारे २९० कोटी डॉलर गेल्याची नोंद एफबीआयकडे आहे. तक्रारी होत्या एकवीस हजारांच्या आसपास; म्हणजे दर तक्रारीमागे सरासरी सव्वा लाख डॉलरहून जास्त.

पैसे वसूल करायलाही नव्या वाटा सापडल्या, आणि त्यातल्या एकीचा उगम गमतीचा आहे. ई-मेललाही तिकीट लावावं, ही कल्पना सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर यांनी १९९२ मध्येच मांडली होती. प्रत्येक पत्रामागे पाठवणाऱ्याच्या संगणकाला एक गणित सोडवायला लावायचं. एखादं पत्र लिहिणाऱ्याला ते जाणवणार नाही, कोट्यवधी पाठवणाऱ्याचं कंबरडं मोडेल. १९९७ मध्ये ॲडम बॅकने ‘हॅशकॅश’ नावाने ती प्रत्यक्षात उतरवली. ई-मेलमध्ये ती रुजली नाही. पण २००८ मध्ये बिटकॉइनचा आराखडा मांडणाऱ्याने हॅशकॅशचाच आधार घेतला. स्पॅमला आवर घालायला शोधलेलं तिकीट पुढे खंडणीखोर आणि ठकांचं चलन झालं.

दुसरी वाट गिफ्ट कार्डाची. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले तेव्हा सातशेहून अधिक तरुण-तरुणी ताब्यात घेतले गेले. अमेरिकी प्राप्तिकर खात्याचे अधिकारी म्हणून ते तिथल्या लोकांना अटकेची धमकी देत आणि दंड गिफ्ट कार्डाच्या क्रमांकात मागत. ई-मेलच्या जागी इंटरनेटवरून केलेला जवळपास फुकट फोन, एवढाच फरक. अशाच एका भारतीय कॉल सेंटर टोळीच्या खटल्यात अमेरिकेने २०१८ मध्ये २१ जणांना शिक्षा केली. त्यातले बरेचसे फोन करणारे नव्हतेच. कार्डांचे पैसे करून पुढे सरकवणारे होते.

आज ही वाट आपल्याच बँकांतून जाते. २०२४ या एका वर्षात भारतीयांनी सायबर फसवणुकीत २२,८०० कोटी रुपयांहून अधिक गमावल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. हे पैसे ज्या खात्यांतून पळतात ती बहुधा चार पैशांसाठी भाड्याने दिलेली असतात. पोलीस त्यांना ‘म्यूल’ खाती म्हणतात. फसवणुकीचा मेसेज पाठवणं आता थांबवता येणार नाही, कारण त्याला काही पडत नाही. पैसा मात्र आजही कुठल्या ना कुठल्या खात्यातून जावा लागतो आणि तिथे तो अडवता येतो, पण काही तासांतच. म्हणून दोन गोष्टी कराव्यात. आपलं बँक खातं, पासबुक किंवा सिम कार्ड कुणालाही वापरायला देऊ नये. ते देणारा या धंद्याचा भागीदार ठरतो. आणि फसलो असं कळताक्षणी, लाज बाजूला ठेवून, १९३० या क्रमांकावर फोन करावा. तक्रार जितकी लवकर नोंदेल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात पोचण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त.